पाचव्या देशातला पहिला पगार: एका बास्केटबॉलपटूचे कागद जुळवताना

2024 च्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या बास्केटबॉल क्लबने एक अमेरिकन गार्ड, म्हणजे चेंडू हाताळून खेळ रचणारा खेळाडू, आणायचं ठरवलं आणि त्याच्या कागदपत्रांचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी मूळची नागपूरची. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, राहणं जर्मनीत, नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्यात. क्लबमध्ये बिनपगारी मदतनीस आहे: तिकिटं, पाण्याच्या बाटल्या, स्कोअरशीट, जे पडेल ते. माझा स्वतःचा राहण्याचा परवाना काढताना मी काय काय सोसलं हे क्लबातल्या सगळ्यांनी ऐकलेलं. "तुला ते ऑफिस ठाऊक आहे ना," एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली.

एखादा खेळाडू सात-आठ वर्षांत पाच देश फिरला की त्याच्या नावापुढे संघांची यादी दिसते, गुण दिसतात, असिस्ट, म्हणजे बास्केट होण्याआधीचे पास, दिसतात. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना मध्ये काय घडतं, ते मला शोधूनही सापडलं नव्हतं. आपल्याकडचे खेळाडूही आता बाहेर जातात. अमृतपाल सिंग 2017 मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडे गेला, अमज्योत सिंग जपानमध्ये खेळला, मग अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी ब्लूकडून. उद्या नागपाड्याच्या किंवा आमच्या नागपूरच्या एखाद्या मुलीला बाहेरून बोलावणं आलं, तर तिच्या घरच्यांना यातलं थोडं आधी माहीत असावं, म्हणून लिहिते आहे. खेळाडूला विचारून लिहिलंय, नाव मात्र देत नाही. आपण त्याला 'गार्ड' म्हणू.

जूनमध्ये एजंटकडून आलेला पहिला कागद म्हणजे कारकिर्दीचा गोषवारा. वाचायला झकास. पण जर्मनीत व्यावसायिक खेळाडूला काम करू द्यायचं तर देशाच्या क्रीडा महासंघाला, ऑलिंपिक महासंघाशी बोलून, त्याची खेळातली पात्रता लिहून द्यावी लागते. म्हणजे प्रत्येक हंगामाचा हिशेब लागणार. गोषवारा, आकडेवारीच्या वेबसाइट आणि पासपोर्टवरचे शिक्के या तिघांचं आपापसात जमेना. एका हंगामाबद्दल गोषवाऱ्यात पूर्ण वर्ष होतं आणि पासपोर्टात जेमतेम अडीच महिने. शेवटी एका रविवारी व्हिडिओ कॉलवर बसून आम्ही दोघांनी सगळं नीट लावलं.

दुसऱ्या दर्जाच्या कॉलेज स्पर्धेतून तो 2018 मध्ये बाहेर पडला. पहिला करार कोसोव्होत. हा देश 2015 मध्ये फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा सदस्य झाला. तिथली लीग छोटी, प्रेक्षक कडवे. 2019 च्या शरद ऋतूत लेबनॉन. ऑक्टोबरमध्ये तिथे सरकारविरोधी आंदोलन पेटलं, बँकांचे दरवाजे बंद झाले, लीग थांबली आणि तो हंगाम पुढे झालाच नाही. अडीच महिन्यांचं कोडं सुटलं ते इथे. मग कोविड. वर्षभर तो घरी एका गोदामात माल उतरवायचा. हे गोषवाऱ्यात अर्थातच नव्हतं. त्यानंतर आइसलँड, मग उरुग्वेतलं मोन्तेविदेओ, मग पुन्हा आइसलँड. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ज्वालामुखीच्या भीतीने ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं केलं, त्या वेळी तो तिथेच होता, दुसऱ्या क्लबात. ग्रिंडाविकचा संघ आपले घरचे सामने कोपावोगुरच्या हॉलमध्ये खेळला आणि तरीही अंतिम फेरीपर्यंत गेला. "घर नसलेल्या संघाकडून आम्ही हरलो," असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याला मनापासून कौतुक वाटत असायचं.

मोठ्या खेळाडूंचीही सुरुवात अशीच असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. युरोलीगमध्ये, म्हणजे युरोपातल्या सर्वांत वरच्या क्लब स्पर्धेत, आजवर सर्वाधिक गुण करण्याचा विक्रम 2024 मध्ये माइक जेम्सच्या नावावर झाला. त्याला एनबीए या अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कुणी घेतलंच नव्हतं. झाग्रेब, इस्रायल, इटलीतल्या खालच्या श्रेणीचा क्लब, ग्रीसमधलं ऱ्होड्स अशी वळणं घेत तो वर आला. एनबीएत तेरा संघांकडून खेळण्याचा विक्रम इश स्मिथचा. पण त्याच्या बदल्या सगळ्या एकाच देशात. सामान हलतं, परवाना हलत नाही. आमच्या गार्डचं उलटं: दर वर्षी सगळं शून्यापासून.

जुलैचा पहिला आठवडा करारात गेला, आणि खरी झोंबाझोंबी इथे झाली. युरोपात खेळाडूचे एजंट हातात पडणाऱ्या पगाराचा आकडा बोलतात. कर क्लबने भरायचा, घर क्लबचं, गाडी क्लबची, विमानाची तिकिटं क्लबची. जर्मन कार्यालयाला मात्र कर कापण्याआधीचा आकडा हवा, आणि त्याला किमान मर्यादा आहे. पेन्शन विम्याची वर्गणी पगाराच्या ज्या रकमेपर्यंत कापतात, तिच्या निम्मा तरी पगार पाहिजे. पश्चिम जर्मनीत 2024 साली ते महिन्याला 3,775 युरो होते. 2025 साली ते 4,025 झाले, त्यामुळे कुणाचा जुना लेख वाचून करार करू नका. आमच्या खजिनदारांनी हा आकडा ऐकला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. आमच्यासारख्या क्लबात बेकरीवाला प्रायोजक, टायरवाला प्रायोजक. पाव मिळतो, टायर मिळतात, रोख रक्कम कमीच. शेवटी 3,800 वर सही ठरली. एकट्या माणसाच्या हातात त्यातले साधारण अडीच हजार पडतात. एजंटला वाटलं क्लब त्याला फसवतोय, क्लबला वाटलं एजंट. मी पगारपत्रकाचा नमुना करून दोघांना एकच पान पाठवलं, तेव्हा कुठे आवाज खाली आले. कर कापण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही आकडे करारात लिहून घ्या. एवढ्या एका गोष्टीने निम्मी भांडणं टळतात.

गार्डचा स्वतःचा हट्ट एकाच कलमाचा होता. तंटा झाला तर तो जिनिव्हाच्या बास्केटबॉल लवादाकडे जाईल, असं करारात लिहा. हा लवाद 2007 पासून आहे. तिथे निकालासाठी एकच व्यक्ती नेमली जाते, ती कोणत्याही देशाचा कायदा न लावता न्याय्य काय ते पाहून निकाल देते, आणि क्लबने निकाल पाळला नाही तर फिबा त्या क्लबला नवे खेळाडू नोंदवायला बंदी घालू शकते. अर्ज करतानाच न परतणारी फी भरावी लागते, त्यामुळे किरकोळ रकमेसाठी कुणी तिकडे जात नाही. खजिनदारांना हे अपमानास्पद वाटलं. "आम्ही पैसे देणार नाही असं याला वाटतं का?" गार्डने शांतपणे सांगितलं की आधीच्या एका क्लबने त्याचे दोन महिन्यांचे पैसे बुडवले, त्या करारात हे कलम नव्हतं आणि तिथल्या स्थानिक कोर्टात जायला त्याच्याकडे ना वकील होता ना भाषा. कलम करारात आलं. तुमच्या करारात ते नसेल तर सही करू नका, मग क्लब कितीही गोड बोलो.

त्यानंतर फिबाची मोकळीक चिठ्ठी. ज्या देशात शेवटचा नोंदणीकृत खेळलात, त्या देशाच्या महासंघाने "हा खेळाडू आता मोकळा आहे" असं नव्या देशाच्या महासंघाला कळवायचं. अर्ज खेळाडू करत नाही, क्लबही नाही. आमच्या वतीने हागनमधल्या जर्मन महासंघाने फिबाच्या ऑनलाइन यंत्रणेतून आइसलँडला विनंती पाठवली. सोबत पासपोर्टची प्रत आणि खेळाडूने सही केलेलं घोषणापत्र: माझा कुणाशी चालू करार आहे की नाही. समोरच्या महासंघाला उत्तरासाठी सात दिवस असतात, आणि करार चालू असेल तरच नकार देता येतो. अनुभवी एजंट म्हणूनच आधीच्या कराराची शेवटची तारीख उलटेपर्यंत थांबतात. आमच्या एजंटनेही जून संपू दिला. आइसलँडचं उत्तर सात दिवसांच्या आत आलं. सगळ्या प्रकरणातला हा एकमेव भाग जो वेळेत झाला. क्लबने दिलेलं सोडपत्र आणि महासंघाची ही चिठ्ठी वेगवेगळी असते, हे मात्र लक्षात ठेवा. क्लबने सोडलं म्हणजे महासंघाने सोडलं असं नाही. शिकायला आलेल्या आणि हौसेने खालच्या लीगमध्ये खेळू पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनाही ही चिठ्ठी लागते. मला इथल्या महिला संघात खेळायचं होतं तेव्हा माझी चिठ्ठी भारताच्या महासंघाकडून यायची होती, आणि ती येईपर्यंत मी बाकावर बसून टाळ्या वाजवल्या.

अमेरिकन नागरिकाला जर्मनीत यायला व्हिसा लागत नाही. उतरल्यावर 90 दिवसांच्या आत परवान्याचा अर्ज केला की झालं. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही सोय नाही, आपल्याला निघण्याआधीच वकिलातीतून व्हिसा घ्यावा लागतो. मला सुरुवातीला त्याचा हेवा वाटला. पण या सोयीत एक पाचर आहे. येता येतं, राहता येतं, अर्ज करता येतो. परवाना मिळेपर्यंत काम करता येत नाही. आणि व्यावसायिक खेळाडूचं काम म्हणजे खेळणं. सराव, मैत्रीचे सामने, सगळं त्यातच.

जुलैच्या मध्यावर मी आउसलेंडरबेहोर्डला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, पूर्ण संच ईमेलने पाठवला: करार, पासपोर्ट, महासंघाचं पात्रतेचं पत्र, घराचा करार, आरोग्य विम्याचं पत्र. उत्तर तीन आठवड्यांनी आलं. भेटीची तारीख 10 सप्टेंबर. हंगाम सप्टेंबरच्या शेवटी सुरू होणार होता. प्रशिक्षकांनी कॅलेंडरकडे बघून जे उद्गार काढले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

गार्ड ऑगस्टच्या मध्यावर उतरला. दोन सूटकेस, एक बूट ठेवायची बॅग. दुसऱ्याच दिवशी वैद्यकीय तपासणी, कारण ती पार पडली तरच करार लागू होतो असं कलम जवळजवळ सगळीकडे असतं. हृदयाचा आलेख, सोनोग्राफी, रक्त, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे दोन्ही गुडघे. डाव्या गुडघ्याचं जुनं दुखणं निघालं, एमआरआय करावा लागला. निकाल येईपर्यंतचे दोन दिवस तो जेवला नाही नीट. मी डब्यात वरणभात नेऊन दिला. त्याने विचारलं, हे आजारी माणसाचं जेवण आहे का? म्हटलं, आमच्याकडे आजारी नसलेलेही खातात. गुडघा पास झाला.

पत्त्याची नोंदणी घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते, घरमालकाच्या सहीच्या पत्रासह. आमच्या गावात फी नव्हती. पण जर्मनीत टपाल फ्लॅट नंबरावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येतं, आणि क्लबच्या त्या फ्लॅटच्या पेटीवर आधीच्या दोन परदेशी खेळाडूंची नावं एकावर एक चिकटवलेली होती. आम्ही तिसरी पट्टी लावली खरी, पण ती लागायच्या आधीच कराचा नंबर घेऊन आलेलं सरकारी पत्र परत गेलं. त्याचे परिणाम पुढे सांगते. किल्ली हातात आली की सामान आत नेण्याआधी पेटीवर नाव लावा.

मधल्या तीन-चार आठवड्यांत तो एकटाच धावायचा, सार्वजनिक मैदानावर मुलांसोबत बॉल टाकायचा. संघाच्या सरावाला येऊन बाकावर बसायचा, हात मांडीवर. एजंटचे फोन यायचे: ऑगस्टचा पगार कुठे? करसल्लागार म्हणायचे: परवान्याशिवाय एक युरोही देऊ नका. करारात पगार 'परवाना मिळाल्यापासून' असं लिहिलेलं होतं, पण लिहिलेलं असणं आणि भाड्याची काळजी नसणं या वेगळ्या गोष्टी. घर क्लबचं होतं म्हणून निभावलं. जेवणाचा खर्च आम्ही काही जणांनी वाटून घेतला. तुम्ही किंवा तुमचं मूल असं जाणार असेल तर दोन महिन्यांचे पैसे स्वतःजवळ ठेवूनच विमानात बसा.

10 सप्टेंबरला आम्ही सकाळी आठला कार्यालयात. बाई नीट होत्या, फक्त घाईत नव्हत्या. त्यांनी पासपोर्टची पानं एकेक उलटली. कोसोव्हो, बैरुत, मोन्तेविदेओ. "इतकी ठिकाणं? कामासाठी?" तो म्हणाला, हो, प्रत्येक वेळी कामासाठी. आइसलँडच्या शिक्क्यांवर त्या थांबल्या, कारण आइसलँड शेंगेनमध्ये, म्हणजे जर्मनीसह प्रवेशाचे नियम एकच असलेल्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि तिथले त्याचे दिवस त्यांनी बोटांवर मोजायला घेतले. परवान्यावर राहिलेले दिवस पाहुण्यांच्या 90 दिवसांत धरत नाहीत. त्याने आइसलँडचं जुनं ओळखपत्र जपून ठेवलं होतं म्हणून विषय तिथेच मिटला. संपलेलं कार्ड टाकून देऊ नये, हे त्याचं मोठं शिक्षण, आणि आता माझंही.

परवान्याचे 100 युरो, कार्ड येईपर्यंतच्या तात्पुरत्या दाखल्याचे 13. या दाखल्याचं जर्मन नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. नागपूरच्या आईला फोनवर ते म्हणून दाखवलं तर ती म्हणाली, शिंक आली का? मला यासाठी आधीच एका ओळखीच्या वकिलांनी सांगून ठेवलं होतं की कार्ड छापायला पाठवलं की कार्ड हातात येण्याआधीच काम करता येतं, मात्र तसं दाखल्यावर लिहून घ्यायचं. मी विचारलं. बाईंनी कायद्याचं कलम पाहिलं, मान डोलावली आणि ओळ टाइप केली. त्या एका ओळीवर तो त्याच संध्याकाळी सरावाला उतरला. कार्ड बर्लिनहून छापून यायला ऑक्टोबर संपला.

परवान्यासोबतच्या हिरव्या पुरवणीवर लिहिलेलं असतं की काम फक्त व्यावसायिक खेळाडू म्हणून आणि फक्त या क्लबात. म्हणजे क्लबने डिसेंबरात काढून टाकलं तर नोकरी गेली एवढंच नाही, राहण्याचा आधारही डळमळला. परदेशी खेळाडूला दोन वाईट सामन्यांनंतर बदलणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. प्रेक्षकांत बसून "बदला याला" ओरडणारे आमचे लोक मला त्यानंतर जरा वेगळेच ऐकू यायला लागले.

पहिला पगार सप्टेंबरअखेर. विसेक दिवसांचा, आणि कराचा नंबर देणारं पत्र परत गेल्यामुळे सर्वांत जास्त कपातीच्या सहाव्या वर्गात. त्याने पगाराची चिठ्ठी बघितली, मग माझ्याकडे. नंबर पुन्हा मागवला, ऑक्टोबरच्या पगारात फरक परत मिळाला. त्याच सुमारास रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्रही आलं, महिना 18.36 युरो. "माझ्याकडे टीव्ही नाही," तो म्हणाला. इथे ते विचारत नाहीत.

हंगाम बरा गेला. तो बहुतेक सामने खेळला, गुडघ्याने मार्चमध्ये दोन आठवडे त्रास दिला. क्लबने उपचार अपघात विम्यातून करवले; पगारी खेळाडूंचा तो विमा इथे सक्तीचा आहे. घरच्या सामन्यांना पाचशे-सहाशे लोक यायचे. जर्मनीने 2023 मध्ये मनिलात विश्वचषक जिंकल्यापासून लहान मुलांच्या सरावाला रांगा लागतात, आणि शनिवारी सकाळी तो त्या मुलांना डाव्या हाताने ड्रिब्लिंग शिकवायचा. हे करारात नव्हतं.

मे 2025 मध्ये उरुग्वेहून बोलावणं आलं. स्पॅनिश त्याला येतं, पैसे थोडे कमी, पण हंगाम ऑक्टोबरपासून, म्हणजे गुडघ्याला विश्रांती. आता उलट्या दिशेने तेच: पत्त्याची नोंद रद्द करणं, त्याचा दाखला घेणं, बँक खातं चालू ठेवायचं की नाही ते ठरवणं. मोकळीक चिठ्ठीची विनंती आता जर्मन महासंघाकडे येईल. जाण्याआधी आम्ही त्याचे सगळे कागद स्कॅन करून एका फोल्डरमध्ये देश आणि वर्ष लावून ठेवले: करार, पगाराच्या चिठ्ठ्या, कर कापल्याचा वार्षिक दाखला, जुनी ओळखपत्रं, एमआरआय. कोसोव्होचा करार सापडला नाही. तो एका हार्ड डिस्कवर होता आणि हार्ड डिस्क बैरुतमधल्या कुण्या मित्राकडे आहे.

एक काम उरलंय. इथे कापलेल्या पेन्शन वर्गणीतला त्याचा स्वतःचा हिस्सा, अटींत बसलं तर, परत मागता येतो, पण शेवटच्या वर्गणीनंतर 24 महिने थांबावं लागतं. म्हणजे अर्ज 2027 च्या जूनमध्ये. मी कॅलेंडरवर नोंद करून ठेवली आहे. अर्जात कायमचा पत्ता लिहायचा रकाना आहे. त्याने आईचा दिलाय.